मदत हवी आहे : ‘धुडकू’ या नावाचा उगम

आमच्या पणजोबांचे नाव धुडकू होते आणि अमळनेर तालुक्यातील शेताच्या जुन्या उताऱ्यावरही तेच लिहिलेले असल्याने ते केवळ लाडाचे नाव नव्हते. आधीची मुले दगावली की दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवत. त्यांतलेच हे असावे आणि ‘धुडकावणे’शी त्याचे नाते असावे, असे मला वाटते. घरची मंडळी ते ‘धूळ’वरून आले म्हणतात, पण अहिराणीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’. तिथे ळचा ड व्हावा, हे पटत नाही. वडीलधाऱ्यांना विचारून झाले, नावामागची हकीकत कोणालाच ठाऊक नाही. ‘धुडक’ किंवा त्याच्या जवळचा एखादा शब्द अहिराणी बोलण्यात कोणी प्रत्यक्ष ऐकला आहे का, आणि कोणत्या अर्थाने?