शब्दचर्चा : दहा वर्षांच्या मुलाला गोष्टीत ‘हवामानबदल’ कसा सांगायचा?

मूळ प्रश्न

नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी एक साहसकथा लिहिते आहे. काळ इ. स. २१५०, जागा अलिबाग-पेणचा खारेपाट, म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेली खाडीकाठची सखल शेतजमीन. दोन भावंडं होडी घेऊन खापरपणजोबांचं बुडालेलं शेत शोधायला निघतात. पहिली तीन प्रकरणं भाचीला वाचून दाखवली. ‘हवामानबदलामुळे समुद्राची पातळी वाढली होती’ या वाक्याला तिनं मला थांबवलं. म्हणाली, “मावशी, हवामान तर रोजच बदलतं!” मला उत्तर देता आलं नाही. हवामानबदल, वातावरणबदल, ऋतुबदल, की सरळ ‘क्लायमेट चेंज’? तुम्ही काय वापराल?

प्रतिसाद १

भाचीनं नेमकं दुखणं पकडलंय. शाळेच्या भूगोलात ‘हवा’ म्हणजे आत्ताची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. बोलण्यात हा फरक टिकला नाही. हवामान खातं उद्याच्या पावसाचा अंदाज देतं, आणि ‘हवामान बिघडलंय’ असं आपण आजच्याच दिवसाबद्दल म्हणतो. हिंदीत मौसम आणि जलवायु असे दोन शब्द आहेत. आपल्याकडे दोन्ही ओझी एकाच शब्दाच्या डोक्यावर.

‘वातावरण’ सरकारी कागदांत आहे. २०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ जोडलं गेलं. पण मुलांच्या कानाला वातावरण म्हणजे ढगाळ वातावरण, नाहीतर घरातलं तंग वातावरण. ‘ऋतुबदल’ अजिबात नको. तो वर्षातून तीनदा होतो आणि त्यात सर्दी होते.

माझं मत ‘हवामानबदल’, एकत्र लिहिलेला, आणि पुस्तकभरात एकदाच. मुलांना तो पुढे वर्तमानपत्रात भेटणार आहे, तेव्हा ओळख हवीच.

प्रतिसाद २

एकदा तरी कशाला? वाक्याचा खरा घोटाळा वेगळा आहे. ‘बदलामुळे पातळी वाढली होती’ यात कुणाला काही होतच नाही. गोष्टीतल्या मुलांसाठी ते जग बदललेलं नाहीच, ती त्यातच जन्मली आहेत. बदल दिसायला हवा तो शब्दांच्या अर्थात.

‘अवकाळी’ घ्या. म्हणजे ज्याची वेळ नव्हती असा पाऊस. त्याच्या शेजारी ‘वळीव’ ठेवून पाहा. वळीवही मृगाच्या आधीच येतो, पण त्याची वाट पाहिलेली असते, तो आला की मातीचा वास येतो आणि नांगरटीला बरं पडतं. अवकाळीचं नाव काढलं की आंब्याचा मोहोर, द्राक्षाचे घड, शेतात पडलेला गहू आठवतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांच्यासाठी तो शब्द अजून आघातासारखा आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी मात्र बहुतेक दर वर्षी बातम्यांत ‘अवकाळी’ ऐकलाय. त्यांना तो मृगासारखाच एखादा पाऊस वाटत असेल. तुमच्या २१५० मधली मुलगी सहज म्हणू शकते, “यंदा अवकाळी वेळेवर आला.” या एका वाक्यात मला जे कळतं ते परिच्छेदभर समजावून कळणार नाही.

प्रतिसाद ३

मी खारेपाटातलाच. ताई, तुमच्या जागेकडे यासाठी शब्दांचा साठा आहे, बाहेरून आणायला नको.

पुनव-अवसेच्या आसपास येते ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, तो भांग. समुद्रावर जाणाऱ्याचं आणि खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधांची) राखण करणाऱ्याचं अख्खं पंचांग या दोन शब्दांवर चालतं. आमच्या किनाऱ्याला दोन्ही भरत्यांच्या उंचीत मीटरभर किंवा जास्तच फरक पडतो. समुद्र तेवढा चढला की आजचं उधाणाचं पाणी भांगालाही बांधाला लागणार. खापरपणजोबांच्या वहीत ‘पुनवेचं उधाण, बांधावर जाणे’ अशी नोंद असू द्या. पोरं वाचून गोंधळतील, कारण त्यांच्या लेखी उधाण रोजचंच असेल आणि ‘भांग’ म्हणजे फक्त केसांतला. वहीतला दुसरा भांग कोणता, हे शोधणं हीच तुमची साहसकथा होईल.

उघाडी (भरतीचं पाणी अडवणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडणारी दारं), बाहेरकाठा (समुद्राकडचा बांध), खारफुटी हे शब्दही घ्या. समजावत बसू नका. होडी उघाडीत अडकली की मुलांना आपोआप कळेल.

मूळ प्रश्न विचारणारी

भांगाचं वाचून अंगावर काटा आला. तिसरं प्रकरण नव्यानं लिहिते. ‘क्लायमेट रेफ्युजी’ आणि ‘ग्रीनहाउस गॅस’ अजून अडलेत. निर्वासित आणि हरितगृह वायू लिहिलं, पण दोन्ही निर्जीव वाटतात.

प्रतिसाद १

‘निर्वासित’ म्हटलं की फाळणी आणि उल्हासनगरच्या छावण्या डोळ्यांपुढे येतात. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली निर्वासिताची व्याख्या छळाच्या भीतीनं देश सोडणाऱ्यांची आहे. समुद्रानं घर नेलेला माणूस तिच्यात बसत नाही. मराठीनं मात्र ‘ग्रस्त’ लावून अशा प्रत्येकाला नाव दिलंय: पूरग्रस्त, धरणग्रस्त, भूकंपग्रस्त. मग ‘भरतीग्रस्त’ का नाही? शाळेच्या दाखल्यावर शिक्का: भरतीग्रस्त. मूल न विचारता समजेल.

प्रतिसाद २

‘भरतीग्रस्त’ फार चांगला. पण तो शिक्क्यावरच ठेवा. माणसं स्वतःबद्दल तसं बोलत नाहीत. दुष्काळात गाव सोडलेली माणसं ‘जगायला गेलो’ म्हणतात. तुमच्या आजीच्या तोंडी तेच शोभेल.

‘हरितगृह’ ऐकून मुलांना हिरवा रंग दिलेलं घर दिसतं, आणि शेतकरीही पॉलीहाउसच म्हणतो. मी ‘गोधडी’ म्हणेन. पृथ्वीला ऊब देणारी वायूंची गोधडी आधीपासून होती, नाहीतर सगळं गोठलं असतं. प्रत्येक पिढीनं कोळसा आणि तेल जाळून तिच्यावर एकेक जुनेर शिवलं. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. उकडायला लागलंय, आणि शिवलेलं जुनेर उसवणं शिवण्याहून कितीतरी अवघड.

प्रतिसाद ३

समुद्र चढण्याचं कारणही मग याच गोधडीतून सांगता येईल. तापलेलं पाणी फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. १९०१ ते २०१८ मध्ये जगभरची सरासरी वाढ साधारण २० सेंटीमीटर. म्हणजे एक वीत. मुलांना वीतच सांगा, ती त्यांना लगेच हातावर मोजता येते.

मूळ प्रश्न विचारणारी

वीत लिहून ठेवली. दादा, शेवटचं एक. बांध फुटतो त्याला तुमच्याकडे ‘खांड’ म्हणतात ना? ‘बांधाला खांड पडली’ असं लिहिलंय, बरोबर आहे?

प्रतिसाद ३

आमच्याकडे खांड जाते. “बांधाला खांड गेली, चला!” असं कुणी रात्री ओरडलं की गाव पेंढा-चिखल घेऊन धावतो.

मूळ प्रश्न विचारणारी

मग प्रकरणाचं नावच ‘खांड गेली’.