राखेच्या पुरानंतर ओढा नितळ झाला, मग जीवजंतू कुठे गेले?

ओढ्याकाठचा
घरामागून ओढा जातो. वरच्या अंगाला वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, त्याला पाच महिने झाले. पहिले आठ दिवस पाणी सिमेंट कालवल्यासारखं होतं आणि डोहावर करडी साय तरंगत होती. मग यंत्रं आली, काठावरची राख उचलून नेली, पाणी तपासलं आणि ‘मर्यादेत आहे’ म्हणून कागद दिला. पाणी आता खरंच नितळ आहे, तळ दिसतो. पण तळाला काही नाही. पूर्वी कुठलाही दगड उलटा केला की अळ्या वळवळायच्या, एखादं खेकड्याचं पिल्लू तिरकं पळायचं. परवा मोजून वीस दगड उलटे केले. एक शंख मिळाला, तोही रिकामा. पाय टाकला की घोट्याभोवती करडा ढग उठतो आणि लवकर बसत नाही. अहवाल खोटा आहे, की मलाच कळत नाहीये?

नमुनेवाली
अहवाल खरा असेल आणि तुमचं निरीक्षणही. मी बरीच वर्षं पाण्याचे नमुने तपासण्यात घालवली आहेत. सगळ्यात फसवा नमुना म्हणजे वाहत्या धारेतला.

ही राख म्हणजे भट्टीत वितळून गार झालेले काचेचे बारीक गोळे. काही पोकळ असतात, ते तरंगतात. तुमची साय म्हणजे तेच. बाकीचे तळाला जाऊन दगडांमधल्या फटी बुजवतात. अळ्या राहतात त्या फटींत, माशांच्या अंड्यांना प्राणवायू मिळतो तोही तिथूनच. तळ बुजला की विष नसलं तरी जीव गुदमरतो.

विषाची गोष्ट वेगळी. गाळात प्राणवायू संपला की राखेतलं आर्सेनिक सुटून गाळातल्या पाण्यात उतरतं. 2008 च्या डिसेंबरात अमेरिकेत किंग्स्टनला बांध फुटून सुमारे 41 लाख घनमीटर राख बाहेर आली. तिथेही मोठ्या नदीच्या प्रवाहात आर्सेनिक पातळ होऊन गेलं, पण कोंडलेल्या पाण्यात आणि गाळात ते बरंच सापडलं.

आणि ‘मर्यादेत’ म्हणजे कुणाच्या? राखेत सेलेनियम नावाचं मूलद्रव्यही असतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माशांसाठी अमेरिकेने 2016 मध्ये ठरवलेली पातळी वाहत्या पाण्यात 3.1 आणि साचलेल्या पाण्यात 1.5 आहे. म्हणजे माणसासाठी पास झालेलं पाणी माशांसाठी नापास असू शकतं.

गप्पिष्ट
ताई, एक चांगला पूर आला की सगळं धुऊन जातं. उगाच कशाला घाबरवताय?

नमुनेवाली
धुऊन जातं, पण जातं कुठे? 2014 च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनात राखेच्या तलावाखालचा पत्र्याचा जुना पाइप खचला आणि सुमारे 39,000 टन राख डॅन नदीत गेली. शंभरेक किलोमीटर खालपर्यंत तिचा माग लागला. परत काढता आली ती दहावा हिस्साही नाही. पुराने तुमचा तळ मोकळा होईल, हे मान्य. पण ती राख खालच्या कुणाच्या तरी बंधाऱ्यामागे जाऊन बसेल, आणि साचलेल्या पाण्याची पातळी 1.5 का धरली ते तिथे कळेल.

नॉर्थ कॅरोलिनातच बेल्यूज लेक म्हणून तलाव आहे. तिथे बांध फुटला नव्हता. 1970 च्या दशकात राखेच्या तलावाचं नुसतं वरचं पाणी त्यात सोडत होते. मोठे मासे काही काळ धडधाकट दिसत. पण सेलेनियम आईकडून अंड्यात उतरतं, त्यामुळे पिल्लं वाकड्या कण्याची निघत आणि मरत. माशांच्या 20 जातींपैकी 19 मध्ये पैदास बंद पडली. म्हणून ‘मासा पोहताना दिसला’ यावर माझा विश्वास नाही. पिल्लं दिसली का ते सांगा.

भिंगवाला
चिमूटभर गाळ काचपट्टीवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. वाळू आणि माती ओबडधोबड दिसते, राखेचे दाणे गोटीसारखे गोल. एकदा पाहिलं की परत चुकत नाही. काठावर वाळलेली राख मात्र झाडू नका, उडून छातीत जाते.

ओढ्याकाठचा
पाहिलं. गोट्याच गोट्या! दुसरं असं की, राख जिथून ओढ्यात शिरली त्याच्या वर जाऊन तसेच वीस दगड उलटे केले. चौदांखाली अळ्या होत्या. आता परत नमुना द्यायचाय. काय मागू?

नमुनेवाली
हे चौदाविरुद्ध शून्य तारखेनिशी लिहून ठेवा, फोटो काढा. नमुने तीन: राख शिरली त्या जागेच्या वरच्या अंगाचं पाणी, खालच्या अंगाचं पाणी आणि खालच्या डोहातला गाळ. त्यात आर्सेनिक, सेलेनियम आणि बोरॉन मागा. बोरॉन राखेतून पटकन विरघळतं, त्यामुळे पाणी राखेतून आलंय का ते लवकर समजतं. पाण्याच्या बाटल्या दोन-दोन, एक गाळलेली आणि एक तशीच. नमुना टिकावा म्हणून त्यात आम्ल घालतात; गाळायचं ते त्याआधी, आणि तेही प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच करून घ्या. आधी आम्ल पडलं तर राखेतलं सुटून पाण्यात येतं, आणि मग समोरचा म्हणणार की नमुनाच चुकीचा.