अनुभव धागा : छोट्या गाडीचा आवाज, दहा हजारांच्या आत

अल्टो, वॅगन आर, सँट्रो, क्विड अशा गाड्यांतल्या साउंड सिस्टीमवर कुणीकुणी हात चालवला असेल, त्यांनी इथे लिहा. ब्रँडवरून भांडण नको. काम कुठल्या क्रमाने करायचं, माप काय, चुकतं कुठे, एवढंच हवं. 'अमुकाकडून बसवून घेतलं, भारी वाजतंय' यातून कुणाला काही कळत नाही.

कोथरूडहून :
पहिला खर्च दरवाज्यावर करा, स्पीकरवर नाही. घरातल्या स्पीकरला लाकडी खोका असतो, गाडीत तो खोका म्हणजे दरवाजा. छोट्या गाडीचा पत्रा इतका पातळ की बोटाने टिचकी मारली तर डबा वाजतो. त्यात तीन हजारांचा स्पीकर बसवला तरी डबाच वाजणार.

डोअर पॅड काढताना एक स्क्रू आतल्या हँडलच्या खाचेत आणि एक-दोन आर्मरेस्टमध्ये असतात. काच फिरवायचा दांडा असेल तर त्याच्यामागे तारेची क्लिप असते. जुन्या सुती कापडाची पट्टी दांड्यामागे घालून बूट पुसतो तशी डावी-उजवीकडे ओढा, क्लिप टुणकन उडते. ती कुठे पडली ते बघून ठेवा. मग पॅड खालच्या कडेपासून उचकटा.

आत पारदर्शक प्लास्टिकचा कागद दिसेल. तो फाडून फेकू नका. काचेवरून दरवाज्यात उतरणारं पाणी तो अडवतो. तो गेला की पहिल्या जोरदार पावसात पॅड भिजतं आणि मॅट ओलं होतं.

2 मिमी ब्यूटिल (चिकट रबराचं) शीट घ्या, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेलं. स्वस्तातलं डांबरी शीट एप्रिल-मेच्या उन्हात वास मारतं आणि खाली ओघळतं. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शीट चिकटवा आणि रोलरने चांगलं दाबा. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. मधला मोठा, सपाट भाग आणि स्पीकरच्या बरोबर मागची जागा, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा पुरे. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, त्यांच्यावर शीट गेलं तर दरवाजा आतून गंजतो. कागद परत लावताना ब्यूटिलचीच टेप वापरा, फेव्हिकॉल नको.

रविवार पेठेतून :
एक पुरवणी. पॅडच्या प्लास्टिक क्लिपा जुन्या गाडीत तुटतातच. काम सुरू करण्याआधीच नाना पेठेतून आपल्या मॉडेलच्या दहा-बारा घेऊन ठेवा. तुटक्या क्लिपांवर पॅड बसवलं तर ते खडखडतं आणि माणूस स्पीकरला शिव्या देतो.

चिंचवडहून :
स्पीकर घेताना खोक्यावरचे '300 वॅट' वाचूच नका. आरएमएस (स्पीकर सतत झेपवतो ते खरे वॅट) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठा वाजतो, डेसिबलमध्ये) बघा. स्टिरिओवर 50 गुणिले 4 छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात एका चॅनलला 15 ते 20 वॅटच मिळतात, कारण गाडीचा पुरवठा 14 व्होल्टच्या आसपास. म्हणून अ‍ॅम्प (स्पीकरला जास्त पॉवर देणारा वेगळा डबा) लावणार नसाल तर 90-91 डेसिबलचा स्पीकर निवडा. 3 डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर.

खोली मोजल्याशिवाय विकत घेऊ नका. काच पूर्ण खाली करा आणि स्पीकर बसतो त्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर घ्या. मॅग्नेट काचेला घासत असेल तर मध्ये रिंग लागते. रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) करून देतात, पण ते पुण्याच्या पावसाळ्यात बिस्किटासारखं फुगतं. टिंबर मार्केटमधून 18 मिमी मरीन प्लाय किंवा पीव्हीसी बोर्डाचा तुकडा आणा. स्पीकरच्या पुढच्या कडेला फोमची पट्टी गोल लावा, म्हणजे आवाज पॅडच्या मागे न जिरता जाळीतून बाहेर येतो. पट्टी स्वस्त आहे, पण बहुतेक दुकानांत ती कुणी लावत नाही.

गाडीची वायर कापू नका. तुमच्या मॉडेलचं कपलर (कंपनीच्या वायरला नुसतं खोचायचं जोड-सॉकेट) तयार मिळतं. उलटसुलट जोडणीची शंका असेल तर स्टिरिओकडून वायर सोडवून स्पीकरला पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) बाहेर येतो. एक बाजू उलटी जोडली गेली की बास गायब होतो आणि लोक सबवूफर (फक्त बाससाठीचा स्पीकर) शोधायला निघतात.

वारजेहून :
मागच्या स्पीकरवर पैसे घालवू नका. फेडर (स्टिरिओतलं पुढे-मागे आवाज वाटायचं सेटिंग) पुढे सरकवा, मागे कंपनीचेच राहू द्या.

हडपसरहून :
मागे मुलं बसत असतील तर मागचे पूर्ण बंद करू नका, थोडे चालू ठेवा. बाकी वारजेकरांशी सहमत.

पुढच्या महिन्याच्या पैशात सीटखालचा 8 इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर, म्हणजे अ‍ॅम्प आतच असलेला, बसतो. हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेण्याची सोय) असलेला घ्या, कंपनीचा स्टिरिओ बदलावा लागत नाही. मात्र त्याची पॉवर स्टिरिओच्या पिवळ्या वायरवरून घेऊ नका, तो फ्यूज तेवढ्यासाठी नसतो. थेट बॅटरीवरून वेगळी वायर आणा आणि फ्यूज बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत बसवा. इंजिनच्या भिंतीतून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेचं वेष्टण) हवंच. उघड्या पत्र्यावर इन्सुलेशन घासत राहतं आणि वर फ्यूज नसेल तर वायर पेटते. तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) वायर घेताना टोक सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ती अ‍ॅल्युमिनियमची, वर तांब्याचा नुसता मुलामा आहे. तीच घ्यायची तर एक साइज जाड घ्या.

धायरीहून :
सेटिंगवर एक रुपया लागत नाही, तरी तेच राहतं. लाउडनेस आणि बास बूस्ट बंद. दरवाज्यांना हाय पास 80 हर्ट्झ (त्याखालचा बास तिकडे जात नाही), सबला लो पास 80 (त्यावरचा आवाज तिकडे जात नाही). सबचा गेन शून्यावर ठेवा, स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर न्या, मग गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटला की थोडा मागे घ्या. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, येणारा सिग्नल अ‍ॅम्पशी जुळवायचं बटण.

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थिंग (बॉडीला जोडलेली मायनस वायर) बघा. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, वायर आखूड ठेवा, सिग्नलची वायर एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने न्या. नॉइज फिल्टर विकत घेण्याची वेळ त्यानंतरची.