मदत हवी आहे: गडांवरच्या पाण्याची नोंद ठेवणारी माझी वेबसाइट पुढे कशी चालवू?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात वेब डेव्हलपर आहे, माहेर जुन्नरचं. नोकरीबाहेर माझा जीव सह्याद्रीतल्या भटकंतीत आणि त्यातूनच उभ्या राहिलेल्या एका छोट्या वेबसाइटमध्ये आहे. कुठल्या गडावर टाकं (कातळात खोदलेला पाण्याचा हौद) नेमकं कुठे आहे, त्यात कुठल्या महिन्यात पाणी सापडलं, ते कसं होतं, शेवटचं कधी पाहिलं गेलं, एवढंच तिथे असतं. जाहिराती नाहीत, लॉगिन नाही. आता घरात रांगणारी लेक आहे, कामावर ऑन-कॉलची पाळी येते, त्यामुळे माझं गडावर जाणं जवळजवळ थांबलंय. साइट मात्र लोक वापरताहेत आणि तिथली नोंद बघून पाठीवर पाणी किती घ्यायचं ते ठरवताहेत. मार्च लागलाय. माहिती शिळी असेल तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. याची मला खरंच काळजी वाटते, म्हणून हा धागा.

थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल.

जुन्नरच्या माणसाला टाक्यांचं वेड लागणं साहजिक आहे. शिवनेरीवर गंगा-जमुना, चावंडवर सप्तमातृकांच्या नावाची सात टाकी, नाणेघाटात सातवाहनकालीन लेण्याच्या आजूबाजूला कातळात खोदलेली टाकी. बाबा लहानपणी आम्हा भावंडांना गडावर नेत तेव्हा बुरुजांआधी पाणी दाखवायचे. गड नांदता राहायचा तो पाण्यावर, हे त्यांचं ठाम मत, आणि माझंही.

पण 'गडावर पाणी आहे' या वाक्याला फारसा अर्थ नसतो. एकाच गडावर शेजारी-शेजारी असलेली दोन टाकी वेगळी वागतात. उघड्या टाक्यावर दिवसभर ऊन पडतं, पाणी आटतं, शेवाळ धरतं. आत खांब सोडून कोरलेलं खांबटाकं सावलीत असतं, म्हणून त्यातलं पाणी गार राहतं आणि जास्त टिकतं. एखाद्या टाक्याला कातळातून बारीक झरा लागलेला असतो, दुसरं निव्वळ पावसावर भरतं. गाळ किती साचलाय त्यावरही बरंच अवलंबून. म्हणून माझ्याकडे नोंद गडाची नसते, प्रत्येक टाक्याची वेगळी असते.

फॉर्ममध्ये 'पाणी किती' याला मी आकडे ठेवलेच नाहीत. पर्याय असे आहेत: कोरडं, तळाला ओल, वाकून हाताने घेता येतं, बाटलीला दोरी बांधावी लागते. गडावर उभ्या असलेल्या माणसाला एवढंच सांगता येतं आणि मागून येणाऱ्याला एवढंच हवं असतं. दोरी लागते हे आधी कळलं तर माणूस दोरी घेऊन निघतो. त्याखाली रंग, वास, पाण्यावर काय तरंगतंय, आणि एक फोटो.

तांत्रिक बाजू साधी आहे. एचटीएमएल, थोडी जावास्क्रिप्ट, नकाशा दाखवायला लीफलेट ही लायब्ररी, पाठीमागे ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा. सगळा डेटा एका जिओजेसन फाइलमध्ये, म्हणजे ठिकाणांची माहिती साठवायच्या साध्या फाइलमध्ये. आलेली नोंद मी स्वतः वाचते, फोटो पाहते, शंका आली तर विचारते आणि मगच फाइलमध्ये घालते. लेक झोपली की रात्री हे काम चालतं. आता नोंदींचा ढीग साचायला लागलाय. फोटो बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात आणि त्यात फोटोची मूळ तारीख व ठिकाण निघून जातं. म्हणजे जानेवारीचा फोटो कुणी मार्चमध्ये पाठवला तर मला कळायला मार्ग नाही.

सगळ्यात भरवशाच्या नोंदी येतात त्या जीवधनच्या पायथ्याच्या घाटघरमधल्या एका वाटाड्याकडून. ते फॉर्म भरत नाहीत, आवाजी निरोप पाठवतात. काठी बुडवून पाहिलेली असते, काठी कुठवर भिजली ते हातांच्या मापात सांगतात, आणि वर 'औंदा गाळ जास्ती हाय, तळाचं पाणी उपसू नका' असा सल्ला. अशी माणसं दहा-बारा गडांच्या पायथ्याशी मिळाली तर साइटचं सोनं होईल.

नवरा सगळ्यात पाठीशी असतो, पण त्याचं म्हणणं असं की नीट सांभाळता येत नसेल तर सरळ बंद कर, अर्धवट माहिती नको. सासूबाई म्हणतात, लेक मोठी होईल तसा वेळ मिळेल, आत्ता बंद करू नकोस. मला दोघांचंही पटतं. बंद करायची मात्र माझी इच्छा नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जिंजीसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला शिवनेरी, राजगड, साल्हेरही आले. नव्याने गडावर जाणारी मंडळी मला सतत लिहितात. त्यांतल्या कितीतरी जणांना टाकं ओळखताही येत नाही.

तर मला विचारायचंय ते असं. जुनी नोंद जुनी आहे हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असं कसं दाखवू? वर रेंज नसते, मग माहिती फोनमध्ये आधीच राहावी यासाठी सर्व्हिस वर्कर (साइटची पानं फोनमध्ये साठवून ठेवणारी ब्राउझरची सोय) पुरेल की आणखी काही करू? नोंदी तपासायचं काम दुसऱ्यांच्या हाती द्यायचं तर विश्वासाची माणसं कशी निवडायची? आणि नोकरीच्या करारात 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम कंपनीचं' अशा अर्थाचं कलम आहे. साइट मी घरच्या लॅपटॉपवर, माझ्या वेळात केली आहे. इतरांना सामील करून घेण्याआधी याचं काय करावं?

शोधाची एक बारीक अडचणही आहे. 'पायऱ्यांजवळचं टाकं' असं शोधलं तर काही नोंदी सापडतात, काही नाहीत.

प्रतिसाद

ताई, आधी शोधाचं सांगतो, कारण ते लगेच सुटेल. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर देतात, काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकासाठी वेगळे. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर लिहायचे वेगवेगळे प्रकार एक करण्याच्या प्रक्रियेने) हे एक होत नाहीत. नोंद साठवताना आणि शोधताना दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ घाला. शिवाय गडांची पर्यायी नावं जोडा: चावंडला प्रसन्नगड, हडसरला पर्वतगड, तोरण्याला प्रचंडगड.

आता मोठा मुद्दा. टाक्याची जागा आणि टाक्यातलं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या फाइलींत ठेवा. जागा शेकडो वर्षं बदललेली नाही, पाणी महिन्यागणिक बदलतं. जागेच्या नोंदीत 'बारमाही' हा शब्द लिहूच नका. पाण्याची प्रत्येक नोंद तारखेसकट स्वतंत्र राहू द्या, जुनी पुसून नवी लिहू नका. तीन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या की 'मागच्या एप्रिलमध्ये इथे तळाला ओल होती' असं दाखवता येईल, आणि ताजी नोंद नसली तरी वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. नोंद शिळी कधी धरायची तेही ऋतूवर ठरवा. ऑक्टोबरातली नोंद नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालेल, फेब्रुवारीतली एप्रिलमध्ये चालणार नाही. शिळी झाली की पाण्याचं निळं चिन्ह करडं करा आणि वर ठळक लिहा: 'ताजी माहिती नाही, पाणी सोबत घ्या'.

प्रतिसाद

हे सगळं ओपनस्ट्रीटमॅपमध्येच टाका आणि साइटच्या जबाबदारीतून मोकळ्या व्हा, असं मी म्हणेन. तिथे शेवटचं कधी तपासलं याची तारीख लिहायची सोय आहे, पाणी हंगामी आहे का तेही लिहिता येतं. तुम्ही थांबलात तरी माहिती राहील.

धागाकर्ती

जागा तिथे नक्की टाकेन, तेवढी नकाशाची सेवा माझ्याकडून व्हायलाच हवी. पण दर महिन्याची पातळी, वास, गाळ, काठीचं माप हे तिथे मावत नाही, तो नकाशा त्यासाठी नाहीच. लोक माझ्याकडे येतात ते याच तपशिलासाठी. त्यामुळे साइट राहील.

प्रतिसाद

ऑफलाइनबद्दल. सर्व्हिस वर्कर ठेवा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. आयफोनवर सफारी वापरात असताना सात दिवस तुमची साइट उघडली नाही, तर तिने साठवलेलं सगळं ब्राउझर पुसून टाकतो. साइट होम स्क्रीनवर घेतली असेल तर तसं होत नाही, हे ठळकपणे सांगा. आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून नकाशाचे तुकडे आधीच उतरवून ठेवायची सोय कृपया देऊ नका. त्यांच्या नियमांत ते बसत नाही आणि त्यांचे सर्व्हर देणग्यांवर चालतात.

त्यापेक्षा प्रत्येक गडाची जीपीएक्स फाइल (ठिकाणं आणि वाटा साठवणारी फाइल) द्या. लोक ती ऑसमँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये उघडतील, तिथे नकाशा आधीच फोनमध्ये असतो. सोबत एका पानाची पीडीएफ ठेवा, छापून खिशात टाकता येईल अशी. गडावर फोनची बॅटरी संपली तर कागदच कामाला येतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंवरही उपाय आहे. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल तारखेसकट येते.

प्रतिसाद

मी दुर्गसंवर्धनाच्या कामाला जातो. उन्हाळ्यात टाक्यांतला गाळ काढतो, त्यामुळे तुमच्या नोंदी आम्हाला फार उपयोगाच्या आहेत. कुठलं टाकं कधी आटतं हे कळलं तर काम आखता येतं. बरेच गड संरक्षित स्मारकं आहेत, तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊनच हात लावता येतो. साइट वाचून कुणी उत्साहाने कुदळ घेऊन टाक्यात उतरू नये, म्हणून हे साइटवर लिहा.

दुसरं, 'पिण्यायोग्य' हा शिक्का मारू नका. पाणी नितळ दिसलं म्हणून सुरक्षित होत नाही, आणि रुमालातून गाळल्याने कचरा जातो, जंतू जात नाहीत. 'नितळ, वास नाही, आम्ही उकळून प्यायलो' असं जे झालं ते लिहा. उकळणं किंवा क्लोरीनच्या गोळ्या हे प्रत्येक पानावर असू द्या. आणि टाक्यात उतरून अंघोळ करू नका, साबण लावू नका, भांडी घासू नका, हेही. मागून येणाऱ्याला तेच पाणी प्यायचं असतं.

नोंदी तपासायला माणसं हवी असतील तर प्रत्येक तालुक्याला एक धरा. जुन्नर, अकोले, वेल्हे (आता राजगड तालुका), बागलाण अशी. तिथलाच माणूस असला की फोटो पाहताक्षणी टाकं ओळखतो. पायथ्याच्या वाटाड्यांना फॉर्म भरायला लावू नका, आवाजी निरोप हाच त्यांचा फॉर्म. ते ऐकून लिहून काढायला शहरातले लोक तयार होतील. आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांचं नाव व नंबर साइटवर द्या, त्यांना वाटाड्याचं काम मिळेल.

प्रतिसाद

कराराबद्दल. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ असं सांगतं की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या कॉपीराइटची पहिली मालकी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते, वेगळा करार नसेल तर. तुमची साइट तुमच्या नोकरीच्या कामाचा भाग दिसत नाही. पण करारातलं कलम कायद्यापेक्षा जास्त पसरट असू शकतं, म्हणून ते शब्दशः वाचा. एचआरला मेल करून छंद म्हणून चालवलेल्या या साइटबद्दल लेखी ना हरकत घ्या. कंपनीचा लॅपटॉप, मेल किंवा खातं यासाठी कधीच वापरू नका. कलम समजत नसेल तर एखाद्या वकिलाला दाखवा, इथल्या सल्ल्यावर थांबू नका. हे सगळं इतर लोक सामील होण्याआधीच करा, नंतर गुंता होतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. ऱ्याचा गुंता सुटला, नोंदी सापडताहेत. जागा आणि पाणी वेगळं करायचं काम सुरू केलंय. 'बारमाही' शब्द सगळीकडून काढला, आणि शिळ्या नोंदीचं चिन्ह कालपासून करडं दिसतंय. नवऱ्याने ते पाहून पीडीएफचं पान स्वतः करून द्यायचं कबूल केलंय. एचआरला मेल लिहून ठेवलाय, सोमवारी पाठवते. उत्तर येईपर्यंत नवीन माणसांना सामील करणार नाही, पण नावं आत्ताच घेऊन ठेवते.

जुन्नर तालुका बाबा बघतील. टाक्यांच्या फोटोंवर त्यांचा हात धरणारं कुणी नाही. अकोले, वेल्हे आणि बागलाणसाठी माणसं हवी आहेत. महिन्याला थोडा वेळ देता येईल अशांनी व्यक्तिगत निरोप पाठवा. आवाजी निरोप लिहून काढायलाही दोघे-तिघे चालतील, घरबसल्याचं काम आहे.

येत्या रविवारी हडसर किंवा चावंडला कुणी जाणार असेल तर कृपया कळवा. दोन्ही गडांच्या जानेवारीनंतरच्या नोंदी माझ्याकडे नाहीत. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि जमलं तर काठी बुडवून पाहा.