शब्दचर्चा : ‘विकेंद्रीकृत’ की ‘विकेंद्रित’? आणि ‘सरकारपुरस्कृत’ नक्की कशाला म्हणायचं?

प्रश्न :
समाजमाध्यमांवरच्या एका लेखाचं संपादन करते आहे. लेखकाने मास्टोडॉन, ब्ल्यूस्काय यांना सरसकट ‘विकेंद्रीकृत’ म्हटलंय, सरकारांशी संबंधित सगळ्यांना ‘सरकारपुरस्कृत’. शेवटी दोघांना आमनेसामने उभं करून प्रश्न टाकलाय, ‘जनतेचा विश्वास कोणावर?’ तिन्ही शब्द खटकताहेत. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :
व्याकरणाने ‘विकेंद्रीकृत’ बरोबर आहे. पण त्यातून वाटतं की आधी एक केंद्र होतं आणि मग कोणीतरी अधिकार खाली वाटून दिले. ‘सत्तेचं विकेंद्रीकरण’ आपण याच अर्थी म्हणतो. 2016 साली आलेल्या मास्टोडॉनला असं केंद्र कधी नव्हतंच. कोणीही आपला सर्व्हर उभारावा. अ‍ॅक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीमुळे तो इतर सर्व्हरांशी बोलतो. इंग्रजी ‘फेडरेटेड’साठी ‘संघीय’ तर मुळीच नको, राज्यघटनेचा वास येतो आणि तिथे वर केंद्र सरकार असतंच. मी ‘जोडसर्व्हरी’ लिहीन.

प्रतिसाद :
संगणकजाळ्यांचे अभ्यासक पॉल बॅरन यांनी 1964 मध्ये जाळ्यांच्या तीन आकृत्या काढल्या होत्या. एका केंद्राची, अनेक केंद्रांची आणि केंद्रच नसलेली. त्यांच्या लेखी दुसरी ती विकेंद्रित, तिसरी वितरित. मास्टोडॉन दुसरीत बसतं. मराठीत ‘बहुकेंद्री’ हा सरळ शब्द असताना ‘वि’वरून कशाला भांडायचं?

प्रतिसाद :
खरा घोळ ‘सरकारपुरस्कृत’मध्ये आहे. पक्षपुरस्कृत उमेदवार म्हणजे पक्षाचा नव्हे, पण पक्षाचा पाठिंबा असलेला. तोच अर्थ इथे हवा. म्हणजे माध्यम खासगी, पाठबळ सरकारी.

आता युरोपीय संघाच्या संस्थांसाठीचं समाजमाध्यम ‘ईयू व्हॉइस’ बघा. युरोपीय डेटा संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल 2022 मध्ये तो प्रयोग सुरू केला, मे 2024 मध्ये बंद केला. (युरोपीय संघ म्हणजे सरकार नव्हे, मान्य. इथे चालवून घ्या.) तो मास्टोडॉनवरच चालायचा. म्हणजे सर्व्हर शासकीय, जाळं बहुकेंद्री! लेखकाने ज्यांना आमनेसामने उभं केलंय, ते इथे एकाच घरात नांदत होते. उलट रशियातलं ‘मॅक्स’ हे अ‍ॅप व्हीके कंपनीचं आहे आणि सप्टेंबर 2025 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ते आधीच घालून देणं बंधनकारक झालं. तो मेसेंजर आहे, पण उदाहरण चपखल आहे. तिथे ‘पुरस्कृत’ चालेल, तरी मला तो फार सौम्य वाटतो.

प्रतिसाद :
‘विश्वास’ कशाबद्दल, हे लेखकाने लिहिलंच नाही. खातं खरंच त्या खात्याचं आहे का? (दोन्ही ‘खाती’ वेगळी, काय करणार!) मास्टोडॉनच्या पत्त्यात नावापुढे सर्व्हरचं नाव येतं. ते शासनाच्या डोमेनचं असलं की ओळखीची खात्री पटते, ‘एक्स’सारखी निळी खूण विकत घ्यावी लागत नाही. त्याला ‘खात्री’च म्हणा. पत्ता खरा म्हणून मजकूर खरा, असं होत नाही, ती ‘विश्वासार्हता’.

आणि ‘भरवसा’ वेगळाच. मास्टोडॉनवरचे खासगी संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येतात. सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत नेता येतात, जुन्या नोंदी मागेच राहतात. हा भरवसा जाळ्यावर नसतो, त्या चालकावर असतो, मग तो मंत्रालयात बसलेला असो की हौशी.

प्रश्नकर्ती :
आभार. ‘बहुकेंद्री’ घेते. ‘सरकारपुरस्कृत’ फक्त ‘मॅक्स’ला, इतरत्र ‘शासकीय सर्व्हर’. ‘जोडसर्व्हरी’ मात्र नको, जोडाक्षरासारखं वाटतं.

प्रतिसाद :
वाटू द्या की, जोडाक्षरात तरी दोन्ही अक्षरं शाबूत असतात. पण ब्ल्यूस्कायला ‘बहुकेंद्री’ लावताना जपून. रचना तशी आहे, पण बहुतेक खाती अजून कंपनीच्याच सर्व्हरांवर आहेत. तिथे ‘बहुकेंद्री रचनेचं’ असं लिहा.