परागंदा अभ्यासकाला इटालियन साहित्य शिकवण्याची जागा कशी मिळेल?

बखरवाचक: एका अभ्यासकाला राजकीय छळामुळे देश सोडावा लागलाय. दान्ते आणि बोक्काच्चो यांच्यावर पीएच.डी., शिकवण्याचा अनुभवही आहे. पदव्यांची मूळ कागदपत्रं मात्र मागेच राहिली. युरोपात सुरुवात कुठून करावी?

पोथीवाला: आधी कागदांचं बघा. जुन्या विद्यापीठाला परस्पर पत्र लिहू नका, त्यातून ठावठिकाणा उघड होऊ शकतो. निर्वासित म्हणून मान्यता असेल, तर युरोप परिषदेचा पात्रता-पासपोर्ट आहे. २०१७ साली सुरू झालेला. हाताशी असतील ते कागद आणि प्रत्यक्ष मुलाखत यांवरून शिक्षण पडताळतात. तो पाच वर्षं चालतो. त्याने पदवीला आपोआप मान्यता मिळत नाही, पण निदान अर्ज वाचला जातो. प्रबंधाची पीडीएफ आणि छापून आलेले लेखही एकत्र ठेवा, मुलाखतीत त्यांचाच आधार असतो.

सर्गवाचक: खरी गफलत इथे होते: लोक जाहिरातीची वाट बघत बसतात. छळाला तोंड देणाऱ्या अभ्यासकांसाठी असलेल्या जर्मनीतल्या फिलिप श्वार्ट्झ योजनेत आणि फ्रान्सच्या ‘पॉज’ योजनेत अर्ज यजमान विद्यापीठाने करायचा असतो, अभ्यासकाने नाही. म्हणून आधी तिथला प्राध्यापक गाठायला हवा. ‘स्कॉलर्स ॲट रिस्क’ हे विद्यापीठांचं जाळं ओळख जुळवून देतं, पगार यजमानाकडून येतो.

ईमेल एका पानाचा. त्या प्राध्यापकाच्या कामाशी आपलं काम कुठे जुळतं, ते पहिल्या चार ओळींत. सोबत एका सत्राच्या अभ्यासक्रमाचा आराखडा जोडा. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’चे ३४ सर्ग एका सत्रात नीट वाचून होत नाहीत; दहा-बारा निवडा आणि तेच का, ते लिहा. त्या निवडीतच शिकवणारा दिसतो. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला तर तो लगेच ओळखू येतो.

पोथीवाला: नुसतं साहित्य शिकवायची जागा इटलीबाहेर क्वचितच सुटते. विभाग बहुधा रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून आलेल्या भाषांचा असतो, आणि नव्या माणसाच्या वाट्याला प्राथमिक भाषेचे वर्ग येतात. इटालियन मातृभाषा नसेल तर सिएनाचं ‘चिल्स’ किंवा पेरूजाचं ‘चेली’, सी-२ या सर्वोच्च पातळीचं प्रमाणपत्र काढून ठेवावं. ही अडचण जुनीच आहे. मोदेनातून पळालेले पानीत्सी १८२८ मध्ये लंडन विद्यापीठात इटालियनचे पहिले प्राध्यापक झाले. विद्यार्थी इतके थोडे की १८३१ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरी धरली.

खुद्द इटलीत कायम प्राध्यापकी ‘कोंकोर्सो’ या जाहीर स्पर्धेतून भरतात. पहिल्या वर्षी कंत्राटी अध्यापन किंवा संशोधनवृत्ती, एवढंच हाती लागण्याजोगं आहे.

बखरवाचक: आणि शिफारसपत्रं? गुरुजन सगळे मायदेशीच आहेत.

सर्गवाचक: त्यांच्याकडून घेऊ नका. पत्र फुटलं तर संकट त्यांच्यावर येईल. परदेशातल्या परिषदेत एकाच सत्रात बोललेले अभ्यासक, लेख छापणारे नियतकालिकाचे संपादक, प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक यांना विचारा. आपला नेमका कोणता लेख त्यांनी वाचला होता, याची त्यांना आठवण करून द्या, नाहीतर पत्र कोरडं येतं.