ढोल वाजला की कानांवर हात

ताई, तुम्ही लिहिलंत की नाशिक ढोलाचा पहिला ठोका पडला की तुमचा पाच वर्षांचा मुलगा पलंगाखाली शिरतो आणि घरचे त्याला लाडावलेला म्हणतात. तो लाडावलेला नाही हो, त्याला तो आवाज खरंच सोसत नाही.

आम्ही मेन रोडजवळ राहतो, विसर्जन मिरवणूक अगदी जवळून जाते. एका वर्षी ‘सवय होईल’ म्हणून मी लेकीला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहिले. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. अशी जबरदस्तीने सवय होत नाही, भीती मात्र वाढते.

पाच इंद्रियांखेरीज तोल आणि सांधे-स्नायूंचीही जाणीव असते. अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञ) जीन एअर्स यांनी १९६०-७०च्या दशकांत यावर मोठं काम केलं. सांधे-स्नायूंवर जोर पडला की बरीच मुलं शांत होतात. म्हणून मिरवणुकीआधी आम्ही तिला कणीक मळायला देतो, पाण्याची अर्धी बादली उचलायला लावतो. मग तिने स्वतः मागितलं तर आजीच्या गोधडीत घट्ट गुंडाळायचं, तोंड उघडं ठेवून. झोपाळा संथ, पुढे-मागे. गरगर फिरवलं की ती उलट चेकाळते.

कानावरचे हेडफोन गोंगाटापुरतेच, दिवसभर नकोत. आणि ढोल किती वाजता येणार, हे आधी सांगाच. गेल्या वर्षी ती खिडकीच्या फटीतून दोन मिनिटं बघत होती, माझं बोट धरून.

जेवण-झोपेवरही परिणाम होत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना जरूर दाखवा.